निनाद, यशवंत आणि माळव्याचा लांडगा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन पुरुषांच्या प्रेमाची, त्यातला एक अधूनमधून लांडगा होतो अशी माझी कादंबरी आहे. तिचं शेवटचं प्रकरण आलं तेव्हापासून निरोप येऊन राहिले आहेत. पुण्याहून, नागपूरहून, बडोद्याहून, आणि अर्थात इथून इंदुरातूनही. बरेचसे प्रश्न तेच ते, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. मधले दोन धक्के फोडलेले नाहीत. शेवट मात्र फोडला आहे. तो आधी कळायला नको असेल तर सगळ्यात खालचे दोन प्रश्न वाचू नका.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

निनाद ३१ वर्षांचा, इंदूरच्या रामबागेत आईवडिलांबरोबर राहतो. सहकारी बँकेत नोकरी, संध्याकाळी नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना तबल्याची साथ. यशवंत ३४ वर्षांचा, इंदूरजवळ महूला मोटार वाइंडिंगचं दुकान. निनादच्या घरची पाण्याची मोटार जळते, यशवंत ती काढायला गच्चीवर येतो. खाली निनादचा रियाज चाललेला असतो. जिना उतरताना यशवंत सहज म्हणतो, "डग्गा उतरलाय तुमचा." तीन भिंतींपलीकडून हे कसं कळलं, असं निनाद विचारतो, आणि यशवंत पहिल्यांदा खोटं बोलतो. यशवंत लांडगा होतो हे वाचकाला दुसऱ्या प्रकरणात कळतं, निनादला नवव्या.

यात आल्फा का नाही? लांडग्यांच्या प्रेमकथेत तो असतोच ना?

असतो. इंग्रजीत अशा गोष्टींचा ढीग आहे आणि बहुतेकींत एक दांडगा, कमी बोलणारा, सगळ्यांवर गुरकावणारा पुढारी भेटतो. २०१० च्या सुमारास चाहत्यांच्या लेखनातून आल्फा, बीटा, ओमेगा अशी अख्खी उतरंडच तयार झाली. मी त्या गोष्टी आवडीनं वाचल्या आहेत, नाक मुरडत नाही. पण त्यांच्यामागचा लांडगा कच्चा आहे.

१९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल या संशोधकानं बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून लिहिलं, की कळपात वरचढ होण्यासाठी झगडा चालतो. ते लांडगे कोंडलेले होते. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकातून ही कल्पना जगभर गेली. पुढे रानातल्या लांडग्यांमागे वर्षानुवर्षं फिरून मेक यांनीच १९९९ मध्ये ती खोडून काढली. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची मागच्या एकदोन वर्षांतली पोरं. ज्याला आपण आल्फा म्हणून मिरवतो तो कुणाचा तरी बाप असतो. शिकार करून येतो आणि पोटातलं मांस पिल्लांपुढे ओकतो. थोरली भावंडंही तेच करतात. स्वतःच्या पुस्तकाची छपाई थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागलेला हा माणूस मला फार आवडतो. असा लेखक मराठीत दाखवा.

हे वाचल्यावर माझी गोष्ट पार बदलली. कळप म्हणजे घर असेल, तर दंड थोपटणाऱ्या नायकाला तिथे कामच उरत नाही. मग पाहायचं ते हे, की अशा घरात नवं माणूस येतं कसं. कोण कुणाला विचारतं, आणि विचारल्यावर समोरच्याला नाही म्हणता येतं का.

वासावरून जोडीदार ठरतो, ती जन्मजात जोडी, तेही का काढून टाकलं?

आपल्याकडे जोडीदार परस्पर ठरवून देणाऱ्यांची काही कमी आहे का? पत्रिका आहे, छत्तीस गुण आहेत, ब्रह्मदेवाच्या गाठी आहेत, आणि आत्या आहे. त्यात आता नाकही आणायचं? "मला तुझा वास आला, तू माझा," हे वाक्य इंग्रजीत वाचताना अंगावर काटा येतो. रामबागेत बसून तेच मराठीत लिहायला घेतलं तर नाकानं आणलेलं स्थळ वाटतं. निनादनं आपल्या आईनं आणलेली स्थळं कशीबशी परतवली आहेत. आता लांडग्याच्या नाकानं आणलेलं तेवढं मुकाट्यानं मान्य करायचं?

वास काढला नाही, त्याचा अधिकार काढला. यशवंतला निनादची भीती, घाम, आदल्या रात्रीचं जागरण, सगळं नाकानं कळतं. म्हणूनच रंगपंचमीचं प्रकरण लिहिलं. इंदूरची गेर ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: रंगपंचमीला राजवाड्याच्या परिसरातून मिरवणुका निघतात, टँकरमधून रंगीत पाण्याचे फवारे, यंत्रांतून तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत उडणारा गुलाल. त्या गर्दीत यशवंतचं नाक गुलालानं गच्च बंद होतं. त्याला पहिल्यांदाच निनादबद्दल काहीही कळत नाही. समोरचा आनंदात आहे की घाबरलाय? शेवटी तो तोंडानं विचारतो, "हात धरू का?" डीजेच्या दणक्यात निनादला ऐकू जात नाही. तो ओरडतो, "काय?" यशवंतला पुन्हा विचारावं लागतं, आणखी मोठ्यानं, शेजारचा गुलालानं माखलेला काका वळून बघेल इतक्या मोठ्यानं. सगळ्यात जास्त निरोप याच प्रकरणाबद्दल आले, आणि मला ते बरोबर वाटतं.

लांडगा म्हणजे समलैंगिकतेचं रूपक आहे ना?

नाही. हा प्रश्न इतक्या आत्मविश्वासानं येतो की उत्तर वाचून काही जण रागावतील. लपवलेलं गुपित, रात्रीचं दुसरं रूप, समाजाची भीती, हे सगळं जुळतं खरं. पण लांडगा माणसं फाडू शकतो. दोन पुरुषांच्या प्रेमाला अशा जनावराचं रूपक देण्यात एक जुनी भीतीच वेगळ्या कपड्यांत परत येते.

म्हणून यशवंतच्या घरात उलटी मांडणी आहे. लांडगेपण त्याच्या आजोळाकडून आलंय, पिढ्यान् पिढ्या. घरात त्याची सोय लागलेली आहे. मागच्या दाराला आतून कडी नाही, फ्रीजरमध्ये मटण असतं, आणि दुसऱ्या दिवशी कामावर न जाण्यासाठी 'संधिवात' आहे. मावशी भाजी निवडता निवडता सांगते, "काल पिथमपूरच्या अंगानं गेले होते, फार धूळ बाबा तिकडे." त्या घरात लांडग्याचा विषय निघाला म्हणून कुणाचा आवाज खाली येत नाही. यशवंतसाठी मुलगी बघायची गोष्ट निघाली की येतो.

यशवंतचा लांडगा एवढा किरकोळ का? चित्रांत तर घोड्याएवढे असतात.

चित्रांतले लांडगे बर्फातले. आपला लांडगा साधारण २० किलोचा. १७ ते २५ म्हणा. पाय लांब, अंग सडपातळ, केस आखूड, रंग वाळल्या गवताचा. उन्हात तो दहा पावलांवर बसला तरी दिसत नाही. वंशावळीच्या दृष्टीनं ही लांडग्यांची फार जुनी शाखा मानली जाते. मला घोड्याएवढा लांडगा लिहायचाच नव्हता. माळव्याच्या माळावर तो लपणार कुठे?

मग ७० किलोचा माणूस २० किलोचा लांडगा होतो तेव्हा बाकीचे ५० किलो कुठे जातात?

भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापक वाचकानं हे प्रथम विचारलं, मग लोकांना नादच लागला. उत्तर: माहीत नाही, आणि यशवंतलाही माहीत नाही. परत माणूस झाल्यावर त्याला मरणाची भूक लागते आणि तो पहाटेच्या ठेल्यावर पोहे-जिलबीच्या प्लेटीवर प्लेटी रिचवतो, एवढा हिशोब मी दिलाय. वर शेव जास्त, जिरावण मसाला जास्त. बाकी उधारी राहू द्या.

कपड्यांचं काय?

फाटत नाहीत, आधी काढावे लागतात. बाईकच्या डिक्कीत एक जोडी, मानपूरच्या अलीकडे एका पुलाच्या नळीत दुसरी, पिशवीत गुंडाळून. विसाव्या प्रकरणात ती पिशवी कुणीतरी नेतं. पुढचं वाचा.

तो पौर्णिमेलाच का बदलत नाही?

लांडग्याचा आणि चंद्राचा संबंध गोष्टींतला आहे. खरे लांडगे एकमेकांना शोधायला, हद्द सांगायला, एकत्र जमायला ओरडतात. चंद्र असो वा नसो. पौर्णिमेची आणखी एक व्यावहारिक अडचण होती. यशवंत ज्या भागात फिरतो तिथे जानापावचा डोंगर आहे, चंबळेचं उगमस्थान, परशुरामाची जन्मभूमी म्हणून मानलेला. तिथे कार्तिक पौर्णिमेला जत्रा भरते. म्हणजे ज्या रात्री लांडग्यानं बाहेर पडायचं त्याच रात्री डोंगरावर पाळणे, फुगेवाले आणि पोलीस. तेव्हा पालट थकव्याशी जोडला. झोप नीट झाली नाही, कामाचा ताण वाढला, की अंग दुखू लागतं आणि मग ते थोपवता येत नाही. मार्चअखेरीला बँकेतल्या निनादचंही जवळपास असंच होतं, त्यामुळे दोघांचं जमतं.

चांदीनं मरतो का?

सराफ्याच्या शहरात? चांदीनं मरणारा लांडगा इंदुरात आठवडाभरही टिकला नसता. मराठी घरात बारशाला चांदीची वाटी येते, पायात जोडवी असतात, देवघरात ताम्हन असतं. चांदीची गोळी ही कल्पना फ्रान्समधल्या जेवोदांच्या श्वापदाच्या दंतकथेला पुढे चिकटली. ते हल्ले १७६४ ते १७६७ मधले, आणि चांदीचा तपशील नंतरच्या गोष्टीकारांनी घातलेला. यशवंतची मावशी तीन पदरी चांदीचा कंबरपट्टा घालून लग्नांना जाते. तिला काही होत नाही, बघणाऱ्यांना होतं.

चावल्यानं निनाद लांडगा होतो का?

नाही. चावल्यानं रेबीज होऊ शकतो. हे विनोदानं लिहीत नाही. चौदाव्या प्रकरणात झटापटीत निनादच्या पोटरीला दात लागतो. यशवंत शुद्धीवर येताच त्याला नळाखाली बसवून जखम साबणानं पंधरा मिनिटं धुतो आणि थेट दवाखान्यात नेतो. लस, आणि जखम खोल असल्यानं इम्युनोग्लोब्युलिनसुद्धा. त्या दृश्यात प्रेमकथेची लय बिघडते असं काहींनी कळवलं. बिघडू द्या. कुत्रा, मांजर, माकड, लांडगा, काहीही चावलं तरी हेच करायचं असतं, आणि हळद-मिरची भरायची नसते. केसपेपरवर 'कोणता प्राणी चावला?' या रकान्यापुढे दोघं बराच वेळ थांबतात. शेवटी निनाद लिहितो: ओळखीचा.

२०२४ मध्ये बहराइचला लांडग्यांनी मुलं मारली. अशा प्राण्याला नायक करणं बरं दिसतं का?

हा प्रश्न टाळणार नाही. उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यात त्या वर्षी खरोखर मुलं गेली, वनखात्याला मोहीम काढून लांडगे पकडावे लागले. १९९६ मध्येही त्याच राज्याच्या पूर्व भागात असंच घडलं होतं. उघड्यावर झोपणारी, दार नसलेल्या घरांतली गरिबांची मुलं त्यात बळी पडतात. ज्या आईचं मूल गेलं तिला लांडग्याच्या संवर्धनाचं व्याख्यान द्यायला मी जाणार नाही.

पण दुसरी बाजूही आहे. आपल्या देशात हा प्राणी थोडा उरलाय, दोनतीन हजारांच्या आसपास धरतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये वाघाबरोबर त्याचं नाव आहे, आणि वाघाला मिळतं त्याच्या शतांशही प्रेम त्याला मिळत नाही. त्याचा माळ 'पडीक जमीन' म्हणून आधी जातो. भटक्या कुत्र्यांशी संकर होतो, त्यांचे रोग लागतात. कादंबरीतलं सव्विसावं प्रकरण हीच भीती घेऊन लिहिलंय: गावात एक मूल हरवतं, आणि महूच्या त्या घरातले सगळे एकमेकांकडे बघतात. मूल सापडतं. पण ते बघणं होऊन गेलेलं असतं.

मग जंगल का नाही? रालामंडल तर शहराला लागूनच आहे.

रालामंडल १९८९ पासून अभयारण्य आहे, टेकडीवर होळकरांची शिकारगाहही आहे, दृश्य झकास दिसेल. पण ती झाडी बिबट्याची. आपल्या लांडग्याला उघडा माळ लागतो, खुरटी झुडपं, नांगरलेल्या शेतांच्या कडा, ससे, उंदीर, काळवीट, नाहीतर शेळ्यामेंढ्या. म्हणून महूच्या पलीकडे मानपूरपर्यंतचा पट्टा घेतला, आणि काही प्रकरणं देवासच्या बाजूला. शहरात तो लांडगा म्हणून एकदाच येतो, जुन्या इंदुरात, आणि भटकी कुत्री त्याला छत्रीबागेपासून पळवून लावतात. वाचकांना ते अपमानास्पद वाटलं. रात्री एक वाजता त्या गल्लीतून चालून बघा, मग बोला.

यशवंतच्या घराण्याची ती धनगर परंपरा खरी आहे का?

लांडगेपण माझ्या पदरचं, बाकी बरंच खरं. पहिले मल्हारराव होळकर, जन्म १६९३, नीरेकाठच्या होळ गावचे धनगर. त्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेल्यांत धनगर होते, मराठे होते, आणि हिशोबाला, कारभाराला ब्राह्मण होते. यशवंतचं आजोळ पहिल्यांतलं, निनादचं घराणं शेवटच्यांतलं. होळकरांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि खंडोबाभोवती कुत्रा आहेच. वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात, कोटंब्यात, म्हणजे भिक्षापात्रात, वाढलेलं कुत्र्यासारखं भुंकत खातात. चंपाषष्ठीला नैवेद्याचा घास कुत्र्याला जातो. देवासाठी थोडा वेळ जनावर होण्याची ही रीत माझ्यासमोर असताना युरोपातला शाप उसना आणायची गरज नव्हती.

दुसरा धागा मेंढपाळांचा. लांडगा हा त्यांचा रोजचा वैरी. तरी मेंढरू नेलं तर तो त्याचा वाटा असं मानून पुढे चालणारे धनगर दख्खनच्या माळावर आजही भेटतात. यशवंतच्या पणजोबांची कथा तिथून सुचली: रखवालदार आणि चोर एकाच अंगात राहायला लागले तर?

जातीचा प्रश्न मध्येच का आणला, असं काहींचं म्हणणं आहे. मध्येच कसा? निनादच्या आजीला तीन गोष्टी एकदम कळतात, की जावई पुरुष आहे, धनगर आहे आणि अधूनमधून लांडगा आहे. तिची पहिली हरकत कोणती, हे ज्यांनी आमच्या आज्या पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको.

कथा नेमक्या कोणत्या काळातली?

२०१७ च्या हिवाळ्यापासून ऑक्टोबर २०२३ पर्यंत. हे मुद्दाम. सुरुवातीला यशवंत लांडगा असतो तेव्हा १९७२ चा वन्यजीव कायदा त्याला संरक्षण देतो, आणि माणूस होऊन निनादकडे जातो तेव्हा १८६० चं कलम ३७७ त्याला गुन्हेगार ठरवतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये मोकळीक दिली होती, डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती काढून घेतली. मग ६ सप्टेंबर २०१८, नवतेज सिंग जोहर खटला, पाच न्यायाधीश, एकमत: प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत.

त्या दिवसाचं प्रकरण मोठं आणि गाजणारं असावं अशी अपेक्षा होती. मी निनादला कॅशच्या खिडकीत बसवलं. फोन ड्रॉवरमध्ये, समोर पेन्शनरांची रांग. निकाल वाचतो, ड्रॉवर लावतो, एका आजोबांना पाचशेच्या नोटा दोनदा मोजून देतो. आजोबा म्हणतात, "आज खुशीत दिसून राहिला भिया." तो म्हणतो, "हो काका." इंदुरात त्या दुपारी असे बरेच निनाद कामावर बसलेले असणार.

मार्च २०२०ही आहे. २२ तारखेच्या जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी लोक थाळ्या बडवत राजवाड्यावर जमले होते, सगळ्या देशानं ते पाहिलं. यशवंत त्या वेळी निनादच्या घरी, कानावर दोन उश्या धरून पलंगाखाली. त्यानंतर टाळेबंदी, बाहेर पडायची सोय नाही, आणि तीन खोल्यांत निनाद, त्याचे आईवडील व ताणलेला लांडगा. निनादच्या आईला सगळं तिथेच कळतं. तिचा पहिला प्रश्न स्वयंपाकाबद्दल असतो. दुसरा प्रश्न विचारण्याआधी बिचारीला बाथरूममध्ये जाऊन नळ सोडावा लागतो.

मग लग्न का नाही लावलंत?

कायदा लावू देत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की समलिंगी जोडप्यांना विवाहाचा मूलभूत हक्क नाही, १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात त्यांना बसवता येत नाही, काय ते संसदेनं ठरवावं. त्या दिवशी नवरात्राची तिसरी माळ होती. मंगळसूत्र, सप्तपदी असं काहीतरी घरगुती दाखवा म्हणून बरेच निरोप आले. मी बँकेचा फॉर्म दाखवला. खात्याला नॉमिनी म्हणून कुणाचंही नाव लावता येतं, त्यासाठी नातं लागत नाही. 'नातं' या रकान्यात काय लिहायचं ते निनादला नोकरीमुळे पाठ आहे, आणि तरी तो ते पान घरी घेऊन जातो. यशवंतला विचारायला.

शृंगाराची दृश्यं किती आहेत? मुलांनी वाचावी का?

आहेत, आणि ती प्रौढांसाठी आहेत. १८ च्या खालच्यांनी थांबावं. दोघंही प्रौढ, दोघांची संमती, आणि दोघंही त्या वेळी माणूस. यावर तीनतीनदा विचारणा झाली म्हणून स्पष्ट लिहितो. लांडग्याच्या रूपात तसलं काही नाही, पुढेही नसेल.

पुरुषांना दिवस जाण्याचा प्रकार यात आहे का?

नाही. ज्यांना आवडतो त्यांनी तो जरूर वाचावा, इंग्रजीत विपुल आहे.

सराफ्यात तो काय खातो?

हा प्रश्न फक्त इंदुरी माणूस विचारतो, म्हणून उत्तर देताना आनंद होतो. सराफा बाजार रात्री दागिन्यांची दुकानं मिटल्यावर खाण्याचा होतो, आणि तो सगळा शाकाहारी. भुट्ट्याचा कीस, साबूदाण्याची खिचडी, दहीवडा, हिवाळ्यात गराडू (तळलेला कंद), जलेबा. लांडग्याच्या दृष्टीनं दुष्काळच. पण यशवंतला गराडू आवडतो. गरम तेलातून काढलेला, वर लिंबू आणि मसाला, बोटं भाजत खायचा. निनाद विचारतो, "तुला चव लागते का रे याची?" यशवंत म्हणतो, "मसाल्यानं नाक बंद होतं. थोडा वेळ तुझ्याबद्दल काही कळत नाही. बरं वाटतं." माझ्या मते कादंबरीतलं सगळ्यात प्रेमळ वाक्य हे आहे. पुढे निनाद आपणहून सांगू लागतो, आज काय झालं, कुणावर चिडला, कशानं घाबरला.

पात्रं असं मराठी का बोलतात? 'करून राहिलो' हे चुकीचं आहे.

इंदुरात बरोबर आहे. आमच्या पाचसहा पिढ्या हिंदीच्या शेजारात गेल्या. पुण्याचं शुद्ध मराठी बोलणारा लांडगा हवा असेल तर तो पुण्यातल्या लेखकानं लिहावा. मी वाचीन.

स्त्रिया इतक्या कमी का?

मावशी मोजली का तुम्ही? त्या घरातली सगळ्यात चांगली शिकारी तीच. पोरांना माळावर पहिल्यांदा तीच नेते, आणि यशवंत जेव्हा धीर करून तिला निनादबद्दल सांगतो तेव्हा भाकरी थापता थापता ती म्हणते, "मला वासावरून गेल्या दिवाळीतच कळलं होतं. तू सांगतोस कधी ते बघत होते." मग तव्यावरची भाकरी उलटून, "त्याला विचारलंस का पण, आमच्यात राहायचं का? की आपलं आपणच ठरवलंस?"

तुम्ही स्वतः गे आहात का?

हो. लांडगा नाही.

पीडीएफ मिळेल का?

नाही. काका, मावशी, दादा, कुणालाही नाही.

शेवट गोड आहे का? (इथून पुढे शेवट फुटतो.)

आहे. प्रेमकथेच्या वाचकाशी तेवढा करार असतो, आणि दोन पुरुषांच्या गोष्टीत शेवटी एकाला मारायची जुनी खोड मला मोडायची होती. कुणी मरत नाही, कुणी परदेशी जात नाही, कुणाचं मुलीशी लग्न लावलं जात नाही. निनाद महूला राहायला जातो आणि बँकेत रोज लोकल बसनं ये-जा करतो, त्याबद्दल कुरकुर करतो. यशवंतच्या शापातून सुटकेची वाट बघणाऱ्या वाचकांची निराशा झाली असेल. शाप नव्हताच. निनादच्या वडिलांशी अबोला मात्र सुटलेला नाही. ते फक्त मोटार बिघडली की यशवंतला फोन करतात, आणि मोटार हल्ली फार बिघडते.

दुसरा भाग येणार का?

येणार, मावशीचा. काळ १९८० च्या दशकातला, मावशी विशीतली, हुकुमचंद मिलच्या पाळ्या अजून चालू, आणि मिल कामगारांच्या अनंत चतुर्दशीच्या झाक्या, म्हणजे फिरते देखावे, रात्रभर रस्त्यावर. त्या गर्दीत माणसांच्या वासात तिला एक अनोळखी लांडगा सापडतो. तो पुरुष की बाई, हे विचारणारे निरोप आधीच आले आहेत. पहिलं प्रकरण दिवाळीनंतर.